जाळरेषेच्या अलीकडे

"म्हंजे हा लाल डाग आपला?" मोठी आईने विचारलं आणि नकाशावर बोट टेकवलं.

"हो काकू," निखाडे सर म्हणाले. "जांभूळकसा आणि दोडी नाल्याच्या दोन्ही काठांचं जंगल. आत्ता पिवळं आहे. होळी झाली की लाल."

"अन् हिरवं कधी?"

"यंदा हिरवं नाही. पाऊस येईपर्यंत नाही."

समाजमंदिरात सगळं गाव दाटीवाटीने बसलं होतं. तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेले मोठबाबा म्हणाले, "नागपुरात लाल रंग उतू चालला असन बावा. मुन सारा आपल्यावरच सांडला."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. निखाडे सरही हसले. मोठी आई तेवढी हसली नाही. तिचं बोट त्या डागावरून हलत नव्हतं.

मोठी आई म्हणजे बिरजाबाई कुमोटी, माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको आणि आमच्या ग्रामसभेची अध्यक्ष. मोठबाबा म्हणजे केजूराम, तिचा नवरा. आमची दोन घरं, अंगण एकच. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी कुठल्या घरात जेवले याचा हिशेब कोणी ठेवत नसे. बी.एस्सी. करून मी गावात परत आले तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. मोठबाबा मात्र म्हणाले होते, "शिकली अन् वापस आली, म्हंजे खरंच शिकली." नागपूरच्या एका हवामान केंद्राने मला लहानसं काम दिलं होतं. शाळेच्या गच्चीवर पाऊस मोजायचा, हवेतली उष्णता आणि दमटपणा बघायचा, आकडे फोनवर कळवायचे आणि तिकडून जे सांगतील ते गावाला सांगायचं. गाव मला हवामानवाली म्हणायचं. त्यात थोडं कौतुक असे आणि थोडी टिंगल.

वणव्याचा हंगामी अंदाज त्या वर्षी पहिल्यांदाच आला होता, आणि त्या केंद्रातले निखाडे सर तो समजावून द्यायला स्वतः आले होते. माणूस तरुण, अंगाने काटक, बोलताना हात फार हलवणारा. त्यांनी सांगितलं की पोळ्यानंतर पावसाने जी दडी मारली ती मारलीच. हिवाळ्यात एक सर नाही. जमिनीत ओल उरलेली नाही, म्हणून साग आणि ऐन लवकर पानं टाकताहेत. तिकडे समुद्राचं पाणी तापलंय, त्यामुळे उन्हाळ्यात मध्येच एखादी वादळी सर येऊन जंगल भिजवून जाईल ही आशाही धरू नका.

"आग लागेल का, हे मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "लागली तर ती विझणार नाही, हे सांगतो."

मोठी आईने नकाशाची घडी घातली आणि कमरेला खोचली. ती का हसली नाही हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्याच पावसाळ्यात आमच्या जंगलाचा पट्टा गावाच्या नावावर झाला होता. त्यासाठी तिने अर्धं आयुष्य तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मोर्चे काढले, उपास केले. एकदा तर पोलिसांच्या गाडीत बसली आणि गाडी सुटेपर्यंत शिपायाला वनहक्काचा कायदा समजावत राहिली. कागद हातात पडला त्या दिवशी वनखात्याचे क्षेत्रसहायक बोरकुटे साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बिरजाबाई, मी तुमच्याच बाजूचा आहे. पण वरचे टपून बसलेत. गावाच्या हातात जंगल गेलं की जळतं, असं म्हणायला त्यांना एक निमित्त पाहिजे. हा एक उन्हाळा जळू न देता काढून दाखवा. पुढे कोणी बोलणार नाही."

एक उन्हाळा. आणि नेमका तोच लाल निघाला.

त्याच बैठकीत पाल्याचा विषय निघाला. मोह गळायच्या आधी आमच्याकडे झाडाखालची जागा साफ करतात. ज्याचं झाड त्याने झाडायचं, पाला एका जागी गोळा करायचा आणि पेटवून द्यायचा. जमीन काळी झाली की पिवळं फूल लांबून दिसतं, वेचायला सोपं जातं. ढीग विझून थंड होईपर्यंत घरातलं कोणीतरी तिथे बसून राहतं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं.

"यंदा काडी ओढायची नाई," मोठी आई म्हणाली. "एकाही झाडाखाली नाई."

"मंग फुलं का नाकानं सुंगून वेचाची?" सोनकुवर म्हातारी फणकारली. "पाल्यातून फूल दिसते का?"

"पाला झाडा. जाळू नका."

"झाडून कोठी नेऊ? डोक्यावर?"

मग चर्चा रंगली. शेतात न्यावा तर शेतं जंगलाखाली, लांब. तिथेच ढीग करून ठेवावा तर ते म्हणजे पेट्रोलचं पिंप ठेवल्यासारखं. कोणी म्हणालं खड्डे खणू. पण त्या वर्षी जमीन अशी टणक झाली होती की कुदळ उलटी येत होती.

मोठी आई ऐकत बसली होती. शेवटी म्हणाली, "नाल्यात टाका."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"दोडी नाला कोरडाठण पडला हाये. तेथी झाड नाई का झुडूप नाई, निसती रेती. झाडाखालून ओढला का नाला जवळच. रेती का पेटते? अन् पाऊस आला का सारा पाला वाहून जाईन, आपल्याले हातही लावा लागत नाई."

इतकं सरळ होतं ते. मला आठवतं, मी मनात म्हटलं, हे मला कसं सुचलं नाही! सोनकुवर म्हातारीलासुद्धा खोड काढता येईना. निखाडे सरांनी तर टाळीच वाजवली. "ह्याला म्हणतात लोकांचं शहाणपण," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाया पाला ओढताना त्यांनी फोटो काढले आणि मग गेले.

पुढचे दिवस गाव झाडत होतं. दुसरा शब्द नाही. सकाळी उठायचं, खराटे घ्यायचे आणि जंगलात जायचं. बाप्यांनी जाळरेषा साफ केली. जाळरेषा म्हणजे टेकडीच्या माथ्यावरून, आमच्या जंगलाच्या पश्चिम कडेने जाणारा मातीचा रुंद पट्टा. त्याच्यावर गवताची काडी ठेवायची नाही, म्हणजे पलीकडून आलेली आग तिथे येऊन उपाशी मरते. बायांनी मोहाखालच्या जागा अंगणासारख्या केल्या. ओंजळी, टोपल्या, जुन्या साड्यांच्या झोळ्या भरभरून पाला नाल्यात गेला. काठाशी उभं राहून खाली बघितलं की रेती दिसायची नाही, नुसता तांबूस पाला. पोरं वरून उड्या मारायची आणि कमरेपर्यंत आत जायची.

मोठबाबांच्या एका पायात जोर नव्हता. तरणे असताना मोहाखाली अस्वलाने धरलं होतं. रेषेवर त्यांचा काही उपयोग नव्हता, पण घरी बसणं त्यांना अपमानासारखं वाटे. मग मोठी आईने त्यांना पाण्याचं काम दिलं. नाल्याच्या खालच्या वळणावर रेतीत आमचा झिरा होता. खड्डा उकरला की हळूहळू पाणी झिरपायचं. तेवढा तुकडा पाण्यासाठी मोकळा ठेवला होता. मोठबाबांनी तिथे कॅन भरायचे, काठावर आणून ठेवायचे आणि पोरांनी ते रेषेवर न्यायचे.

"पाहा, जयवंता," ते मला म्हणायचे, "तुह्या मोठ्या आईनं मले पाणीपुरवठा मंत्री केला. पगार नाई, गाडी नाई."

"अन् भाषणं बंद केली असती तं बरं झालं असतं," मोठी आई घरातून ओरडायची.

तिचं त्या दिवसांत अन्नावर लक्ष नव्हतं. दिवसातून दहादा मला विचारायची, आज हवा कशी, उद्या कशी, नागपूरवाला काय म्हणतो. मी फोनवरून जे कळे ते सांगायची. आज लाल. उद्याही लाल. ती मान हलवायची आणि खराटा उचलून चालायला लागायची. होळी आली. त्या वर्षी गावाने होळी पेटवली नाही. लाकडं रचली, पूजा केली, पेटवली नाही. असं कधी झालं नव्हतं. म्हातारी माणसं कुरकुरली, पण गप्प राहिली, कारण सगळ्यांनाच तो एक उन्हाळा पार पाडायचा होता.

होळीनंतर मोह गळायला लागला आणि झाडाखाली पिवळा सडा पडला. साफ जमिनीवर फूल इतकं उठून दिसत होतं की सोनकुवर म्हातारी एकदाची म्हणाली, "बिरजे, तुह्या डोक्याले मानलं."

एका सकाळी निखाडे सरांचा फोन आला. आवाजात नेहमीचा उत्साह नव्हता. "जयवंता, नीट ऐक. आज दुपारी पश्चिमेकडून वारा उठेल. जोराचा. हवेत दमटपणा जवळजवळ नाही. ह्या हंगामातला आजचा दिवस सगळ्यात वाईट दिसतोय. सगळ्यांना रेषेवर ठेव."

मी अंगणातूनच ओरडून मोठी आईला सांगितलं. ती तशीच उठली आणि घरोघर फिरून तिने माणसं काढली. मोठबाबांनी चप्पल घातली, कॅन उचलले. जाताना तिने त्यांना फडक्यात भाकर बांधून दिली. ते म्हणाले, "चटणी टाकली का?" ती म्हणाली, "जा आता." त्यांच्यात एवढंच बोलणं झालं.

अंदाज अगदी खरा ठरला. ऊन डोक्यावर आलं आणि वारा सुटला. रेषेच्या पलीकडे, दुसऱ्या टेकडीमागून धूर वर आला. आग कशी लागली, कोणाची बिडी की कोणाचा मोह, ते कधीच कळलं नाही. आधी धूर पांढरा होता, मग पिवळट, मग त्याच्याखाली जाळाची कड दिसायला लागली. ती उतारावरून खाली आली आणि आमच्या टेकडीला लागली. आवाज आधी आला. सुका बांबू फुटावा तसा, पण सगळीकडून.

आम्ही रेषेवर ओळीने उभे होतो. हातात पळसाच्या ओल्या फांद्या. दोघांकडे पाला उडवायची यंत्रं. मोठी आई मधोमध उभी होती आणि मी तिच्या शेजारी.

"कोणी पळाचं नाई," ती म्हणाली. "इथं येऊनच मरन तो."

आणि खरंच तसं झालं. जाळ रेषेपर्यंत आला, मातीवर येऊन थबकला, खाली बसला. ठिणग्या उडून अलीकडे पडल्या की आम्ही झोडपून विझवायचो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदर जळत होते, पण रेषा धरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरली. कोणीतरी ओरडलं, "थांबला! थांबला वो!" मग सगळेच ओरडायला लागले. मोठी आई मातीत बसली. तिचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं आणि त्यात दात दिसत होते. ती हसत होती. कागद मिळाला तेव्हासुद्धा ती अशी हसली नव्हती.

"जिंकलो पोरी," ती मला म्हणाली. "लालवर जिंकलो."

तेवढ्यात माझ्या पाठीला ऊब लागली.

मी वळून पाहिलं तर धूर आमच्या मागे होता. रेषेच्या अलीकडे, आमच्या जंगलात, खाली नाल्याच्या पहिल्या वळणापाशी. क्षणभर डोक्यात काही शिरेना. रेषा तर आम्ही राखली होती. आग आली कुठून?

दोडी नाला त्या माथ्यावरूनच निघतो आणि रेषेला छेदून खाली येतो. रेषा साफ करणारे नाल्यापर्यंत झाडत येतात, नाला सोडून देतात आणि पलीकडच्या काठापासून पुन्हा झाडायला लागतात. पूर्वीपासून तसंच. नाल्यात झाडायचं काय, नुसती रेती तर असते. आम्ही त्या रेतीत सगळ्या जंगलाचा पाला भरला होता. आग रेषेवर थांबली आणि धुरात कोणाला न दिसता नाल्यातून आमच्या पायाखालून निघून गेली. वाऱ्याने तिला खाली ढकललं, पहिल्या वळणावर ती काठ चढून गवतात शिरली.

हे सगळं मी आता सांगतेय. तेव्हा एवढंच दिसलं की उतारावरून जाळाची एक जीभ खाली चाललीय आणि तिच्या वाटेवर, नाल्याच्या काठावर, मोठबाबा उभे आहेत. पानं गळलेली होती, त्यामुळे ते माथ्यावरूनही स्पष्ट दिसत होते. दोन्ही हातांत कॅन. ते इकडे तिकडे बघत होते. गावाकडची पायवाट त्यांच्या डाव्या हाताला होती.

मोठी आई उठून उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

"अवो! नाल्यात! नाल्यात उतरा!"

आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही हे शिकवतात. जंगलात जाळ आला तर पळू नको, नाल्यात उतर. रेतीत आडवा पड, जाळ वरून निघून जाईल. आजीने आईला सांगितलेलं असतं, आईने मला. मोठी आईने ते किती जणांना सांगितलं असेल. तोंडातून तेच आलं. दुसरं काही येऊच शकलं नसतं.

मोठबाबा खाली उतरले. मग धूर आडवा आला.

मी मोठी आईकडे पाहिलं. ती अजून तशीच हात तोंडाशी धरून उभी होती. तिला वाटत होतं, ते वाचले. दोन श्वास तिला तसं वाटलं असेल. मग हात हळूहळू खाली आले. तिच्या डोळ्यांत ते शिरताना मी पाहिलं. माणसाच्या तोंडावर तसं काही मी पुन्हा पाहिलं नाही आणि मला पाहायचंही नाही.

"जयवंता," ती म्हणाली. "पाला."

आम्ही उतारावरून धावलो. लोकांनी तिला धरलं नसतं तर ती जाळात गेली असती. चौघांना आवरेना. तिथून पुढचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. मोठबाबा झिऱ्यापाशी सापडले. पाण्याच्या खड्ड्यात तोंड घालून. तो मोकळा तुकडा चार पावलांचा, दोन्हीकडे पालाच; जाळाला तिथवर यायला फार वेळ लागला नसणार. पायवाटेला लागले असते तर, लंगडत का होईना, बहुतेक निसटले असते. आग त्या बाजूला गेलीच नव्हती.

जंगल दोन दिवस जळलं. नाल्याच्या दोन्ही बाजूंचा मोह गेला. झाडाखाली जमीन लख्ख झाडलेली होती, तरी जाळ वरून, फांद्यांवरून गेला. गाव वाचलं.

पंचनाम्याला बोरकुटे साहेब आले. अंगणात खाट टाकली. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि त्यांना मोठी आईकडे बघवत नव्हतं.

"रेषा मी पाहिली," ते म्हणाले. "इतकी साफ रेषा मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. मग आत आली कशी?"

सगळं गाव तिथे उभं होतं. कोणीही तोंड उघडलं नाही. सोनकुवर म्हातारी, जी कशालाही गप्प बसत नसे, तीही मातीकडे बघत राहिली. गावाने काही ठरवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून आजपर्यंत नाल्यातल्या त्या पाल्याबद्दल कोणी एक अक्षर बोललेलं नाही.

मोठी आईच बोलली. "नाल्यातून आली साहेब. नाल्यात पाला होता. मी टाकाले सांगतला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बिरजाबाई, हे लिहिलं तर कागद जाईल."

"जाऊ द्या."

"बाई, त्याच्यासाठी तुम्ही…"

"जाऊ द्या मनलं नं."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग खाली वाकून लिहिलं की जोराच्या वाऱ्यामुळे ठिणग्या उडून आग आत शिरली. वाचून दाखवलं, पंचांचे अंगठे घेतले. मोठी आईला विचारलं नाही. जंगल आमचंच राहिलं. तिने आयुष्यभर जे मागितलं ते तिच्याकडे राहिलं, आणि त्यात जायचं तिने सोडून दिलं.

निखाडे सर नंतर आले. आधी मला त्यांचा संताप आला होता. मनात खूप काही साठवून ठेवलं होतं बोलायला. पण ते दारातच बसले, आत यायला धजेनात.

"सगळं धरलं होतं आम्ही," ते मला म्हणाले. "पाऊस, वारा, मातीतली ओल. तासातासाचं बरोबर आलं. जयवंता, मी त्या नाल्याचे फोटो काढलेत. हसत हसत काढलेत. मला हे कसं माहीत नव्हतं, सांग. मी तर हे शिकलोय."

काय सांगणार होते मी? मलाही माहीत नव्हतं. गावात जन्म घेऊन मला माहीत नव्हतं. मी त्यांना पाणी आणून दिलं. ते न पिताच निघून गेले. पुढे त्यांनी ते कामच सोडलं असं ऐकलं.

मी सोडलं नाही. का, ते विचारू नका. अंदाज अजून येतात आणि मी ते अजून सांगते. आता पाला खड्ड्यांत कुजवतात आणि रेषा झाडताना नालाही झाडतात. त्यानंतर चांगली वर्षंही आली, हिरवी, आणि आमचं जंगल जळलं नाही. नवा मोह अजून फुलावर यायचा आहे. मोहाला फार वर्षं लागतात. मोठी आईच्या डोळ्यांदेखत तो येईलसं वाटत नाही.

तिने मला पुन्हा कधी हवा विचारली नाही. घरातलं करायची, माझ्या पोरांना न्हाऊ घालायची, जेवायची. मोठबाबांचं नाव काढायची नाही. मला वाटायला लागलं होतं की तिने ते कुठेतरी पुरून टाकलं. माणसाला तसं वाटून घेणं बरं पडतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी अंगणातल्या सावलीत टोरी फोडत बसलो होतो. टोरी म्हणजे मोहाच्या बिया, तेलासाठी बाजारातून आणलेल्या. आमच्या झाडांच्या नव्हेत. ती दगडाने फोडत होती, मी टरफल काढत होते. हात न थांबवता तिने विचारलं, "जयवंता, त्या दिवशी तू माह्या बाजूलेच होती नं?"

कुठल्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती. "हो," मी म्हटलं.

"मी आवाज देला. तो त्याच्यापर्यंत गेला का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी कधीपासून तयार ठेवलं होतं. आता वेळ आली तेव्हा आवाज मी सरळ ठेवला. "नाही गं मोठी आई. कसा जाईल? जाळाचा आवाज केवढा होता. वाराही उलटा होता. मोठबाबा आपल्या मनानेच उतरले. कोणीही उतरलं असतं. तू ओरडली नसतीस तरी तेच झालं असतं."

तिने टोरी दगडावर नीट धरली आणि फोडली. मग दुसरी घेतली.

"वारा उलटा नोयता," ती म्हणाली. "आपल्याकडून त्याच्याकडंच होता."

मी टरफल काढत राहिले.

"अन् त्यानं कॅन खाली ठेवला," ती म्हणाली. "हात वर केला. मले दाखवला, का हो, ऐकलं मुन. मंग उतरला."

मीही तो हात पाहिला होता. ते तिला सांगायचं मला धैर्य झालं नाही, आणि नाही म्हणायचंही झालं नाही. आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत टोरी फोडत बसलो.